पुस्तक ऐकायला वेगळा प्लेअर कशाला? मोबाईल आहे ना!

अमरावतीकर
वरुडजवळ मामाकडे गेलो होतो. मामांनी 'पुस्तकं ऐकायला' म्हणून अठराशे रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर घेतलाय. खिशात मोबाईल असताना! गावात आणखी दोघांनी त्यांचं पाहून घेतला. २००१ मध्ये आलेला आयपॉड हा गाण्यांचा प्लेअर ॲपलनं २०२२ मध्ये बंद केला, कारण फोनमध्येच सगळं आलं. ज्यांनी तो बनवला त्यांना कळलं, आपल्या गावांना अजून कळत नाही. पुस्तक ऐकायचं तर फोनवर ॲप घ्या आणि ऐका. वेगळ्या प्लेअरवर पैसे घालणं हा अडाणीपणा आहे.

जागलीवाला, दारव्हा
भाऊ, 'अडाणीपणा' हा शब्द वाचला अन् ताटावरून उठून लिहाले बसलो. तुमच्या मामानं काऊन घेतला ते मले माहीत नाही. मी काऊन घेतला ते ऐका.

चन्याच्या ओलिताच्या दिवसांत आमच्याकडे एक हप्ता दिवसा लाइन असते, एक हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यात दहाले वावरात जातो, दिवस निघाल्यावर घरी येतो. स्प्रिंकलरचे पाइप एकदा बदलले की दोन-अडीच तास नुसतं बसून राहाचं. बाकीचे गाणे लावतात. मी चार हिवाळ्यांपासून पुस्तकं ऐकतो. दहावीनंतर शाळा सुटली, त्यानंतर जेवढं वाचलं नव्हतं तेवढं या चार हिवाळ्यांत कानानं वाचलं.

पहिल्या वर्षी फोनवरच ऐकत होतो, तुम्ही सांगता तसंच. मोटरचा स्टार्टर फोनवर, टॉर्च फोनचा, अन् वरून पुस्तक. एका रात्री अडीच वाजता फोन बंद पडला. त्यानंतर पाइप उचलता उचलता धुऱ्यावरून पाय घसरला अन् गुडघा फिरला. घर दीड किलोमीटर. हातात फोन, पण घरी सांगता येत नव्हतं. दिवस निघेपर्यंत ओल्या कपड्यानं धुऱ्यावर बसून होतो. पोराले कळलं तवा तो सायकल घेऊन आला. त्या दिवशी ठरवलं, फोन फोनच्या कामाले, पुस्तकाले वेगळं.

मग माझी चूक झाली, ती सांगतो म्हणजे दुसऱ्याची होणार नाही. बाजारातून नऊशेचा स्पीकर आणला. चिप (मेमरी कार्ड) लागते, एफएम लागते, ब्लूटूथ लागते, लाइट लुकलुकतात. आवाज चार वावरं ऐकतील एवढा. पण बंद करून चालू केला की पहिल्या फाइलपासून सुरू! मी अकराव्या प्रकरणात. थंडीनं गारठलेल्या बोटांनी दहा वेळा बटन दाबून अकरावं लावा, अन् ते चाळीस मिनिटांचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐका. गाणं पाच मिनिटांचं असते, सुरुवातीपासून लागलं तर काही बिघडत नाही. पुस्तकाचं तसं नाही. थांबलो ती जागा ज्याच्या ध्यानात राहत नाही ते यंत्र पुस्तकाच्या कामाचं नाही, आवाज कितीही गोड असो.

आता जे आहे ते तळहातात मावते. बटनाचं आहे, लहान पडदा, चिप आत बसते. ब्लूटूथ आहे म्हणून घरी स्पीकरले जोडतो, वावरात नेकबँडले. बंद केलं तरी सोडलं त्याच वाक्यावर परत येते. एका चार्जिंगमध्ये माझ्या तीन रात्री निघतात. अडीच हजार गेले. त्याचा मले एक दिवस पस्तावा झाला नाही.

अमरावतीकर
गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण अडचण बॅटरीची असेल तर १०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या, फोन दोनदा चार्ज होतो. जागा लक्षात ठेवणं, वेग कमी-जास्त करणं, झोप लागली तर आपोआप थांबणं, हे सगळं ॲप करतं. तुमचा डबा यातलं एकही काम फोनपेक्षा चांगलं करत नाही. आणि वर्गणीवर मिळणारी पुस्तकं ॲपमध्ये कुलूपबंद असतात, चिपवर टाकताच येत नाहीत. मग तुमच्या चिपवर आहे काय? कुणाकडून तरी भरून घेतलेला चोरीचाच माल ना?

जागलीवाला, दारव्हा
चोरीचा म्हणाच्या आधी विचारत जा भाऊ. माझी पोरगी बारावीले आहे. ती शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक आणते अन् माझ्यासाठी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करते. रोज एक प्रकरण. तिचं वाचन सुधारलं, माझं ऐकणं झालं. घरातल्या घरात आहे, कोणाले विकत नाही की वाटत नाही. अन् लेखक जाऊन ६० वर्षं झाली की आपल्या कायद्यानं पुस्तक सगळ्यांचंच होते, तसेही पुष्कळ आहेत.

मोबाईल दुरुस्ती, मोर्शी
अमरावतीकर, पॉवर बँकेचा हिशोब चुकला. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, फोनला द्यायचे ५ व्होल्ट. त्या बदलात आणि उष्णतेत जातं ते वजा करा, १०,००० मधून सहा-साडेसहा हजार हाती येतात. ५,००० च्या फोनला एकदा अन् वर थोडं. दोनदा नाही.

आता प्लेअरचं. दुकानात गिऱ्हाईक येते, स्पीकरवर डीजेचं गाणं लावते, छातीत धमक बसली की खूश. पुस्तकाला ती धमक मारक आहे. खालचा आवाज फुगवलेल्या स्पीकरवर पुरुषाचा आवाज घुमतो, 'त' की 'थ' कळत नाही. घेताना बातम्या लावून पाहा, आवाज बारीक ठेवून पाहा.

क्रमाचं तर रोजचं रडणं. एका आजोबांना ग्रामगीतेचे ४१ अध्याय चिपमध्ये भरून दिले. दुसऱ्या दिवशी परत आले, पहिल्यानंतर दहावा लागते म्हणून. यंत्र नावानं लावते तेव्हा १ नंतर १०, ११ असंच घेते. म्हणून ००१, ००२ अशी नावं द्यायची. अन् काही स्वस्त स्पीकर नावही पाहत नाहीत, ज्या क्रमानं फाइल कॉपी झाली त्याच क्रमानं वाजवतात. त्यासाठी चिप पूर्ण खाली करून एक-एक फाइल ओळीनं टाकावी लागते. मी तसंच करून दिलं.

३२ जीबीच्या वरची चिप घेऊ नका. मोठी चिप एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येते, अन् बहुतेक स्वस्त स्पीकरला फॅट३२ शिवाय काही समजत नाही. तेवढी लागतही नाही. बोलण्याच्या फाइलला ६४ केबीपीएस मोनो (सेकंदाला ६४ किलोबिट, दोन्ही कानांना एकच आवाज) पुष्कळ झालं, तासाला २९ एमबी पडते. ३२ जीबीत हजाराच्या वर तास बसतात.

थ्रेशरजवळ वापरणार असाल तर डब्यावर आयपी६७ पाहा, ते धूळ अन् पाणी दोन्हीचं. नुसतं आयपीएक्स७ असेल तर ते फक्त पाण्याचं, एक्स म्हणजे धुळीची तपासणी सांगितलेलीच नाही. अन् मे महिन्यात टिनाखाली चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, अन् आपल्याकडे सावलीतच ४५ असते.

अंगणवाडीताई, सिंदेवाही
जागलीवाले भाऊ, रात्री वावरात नेकबँड लावता हे वाचून मला राग आला. दोन्ही कान बंद करून अंधारात बसता? आमच्या तालुक्यात वाघानं माणसं मारली आहेत. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जातो, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. माणूस खाली वाकलेलं असते, पाठ जंगलाकडे. अशा वेळी पान वाजलं की ऐकू यायला पाहिजे. तुमच्याकडे वाघ नसेल, पण रानडुकरं आहेत, साप आहे. घरात काय लावायचं ते लावा. वावरात एकच कान, नाही तर लहान उघडा स्पीकर.

अमरावतीकर
ताई, स्पीकरचा आवाज ऐकून वाघ पळतो याला पुरावा काय?

अंगणवाडीताई, सिंदेवाही
मी पळते म्हटलं नाही. मला ऐकू यायला पाहिजे, एवढंच म्हटलं. माझ्या मोठ्या जावेला मागून बायका ओरडल्या म्हणून ती वाचली. तिच्या कानात बोंडं असती तर आज तिची लेकरं माझ्याकडे असती. पुरावा मागायचा तर पहाटे पाचला आमच्यासोबत या.

जागलीवाला, दारव्हा
ताई, बरोबर बोलल्या. एकच कान ठेवीन. माझ्या प्लेअरमध्ये दोन्ही बाजूचा आवाज एकात येते, म्हणून काही सुटणार नाही.

निवृत्त गुरुजी, हिंगणघाट
दारव्ह्याच्या भाऊंची मुलगी स्वतः वाचते, हे या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. तुम्ही यंत्रावर भांडत आहात, पण यंत्रातून कोण बोलतं ते कुणी विचारत नाही. दोन वर्षांपासून मी वर्गणी भरून ऐकतो. निवेदन स्वच्छ असतं, पण कथेत आपल्याकडचा माणूस बोलायला लागला की वाचणाऱ्याचा आवाज चिरका होतो, बावळट होतो. एका कादंबरीत तरुण मुलगा गेलेली माय रडते, 'आता मी कोनाले पाहू' म्हणते. वाचणाऱ्यानं ते वाक्य नकला करतात तशा सुरात म्हटलं. मी ते पुस्तक तिथंच बंद केलं. मी अशा घरी सांत्वनाला गेलो आहे. त्या माय कशा बोलतात ते मी ऐकलं आहे.

अकोटचा, राहणं पुण्यात
गुरुजी, दुःख समजतं, पण दोष एकट्या वाचणाऱ्याचा नाही. गॅदरिंगमध्ये वऱ्हाडी कोण आणतं? आपणच. कशासाठी? हसवायला. आपल्या पोरांनी शाळेत 'मले-तुले' म्हटलं तर कोण टोकतं? माफ करा, पण तुमच्यासारखे गुरुजीच टोकतात. मला पाचवीत वऱ्हाडी बोललो म्हणून बाकावर उभं केलं होतं. तीस वर्षं झाली, अजून सभेत बोलताना आधी मनात वाक्य तपासतो.

निवृत्त गुरुजी, हिंगणघाट
मी कुणाला बाकावर उभं केलं नाही. आणि मराठीतलं जुनं गद्य तेराव्या शतकात ज्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, ते अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या बोलीला हसण्यावारी नेणं मी कधीच सहन केलं नाही.

अकोटचा, राहणं पुण्यात
वहीत 'डोया' लिहिलं तर लाल रेघ मारली की नाही? एवढंच सांगा.

निवृत्त गुरुजी, हिंगणघाट
मारली. परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून मारली. पोराच्या मनात काय जात असेल हा विचार तेव्हा केला नाही. तुमचं एवढं म्हणणं मान्य करतो. पण पैसे घेऊन वाचणाऱ्यानं बोली शिकून यावं, ही माझी मागणी त्यानं चूक ठरत नाही.

अंगणवाडीताई, सिंदेवाही
अन् सगळा विदर्भ वऱ्हाडी बोलते असं धरून कशाला चालता? तुमच्याकडे डोळ्याचा डोया होते, आमच्याकडे डोरा. आमची पूर्व विदर्भातली झाडीबोली वेगळी आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्र-रात्रभर नाटकं चालतात, वडशाला मंडळ्यांची कार्यालयं आहेत, हजारो माणसं तिकीट काढून बसतात. तिथं आमच्या बोलीत माणूस रडतो तेव्हा मांडव रडते. ते आवाज पुस्तकं वाचायला कुणी बोलवले का? पुण्या-मुंबईवर रागावता, पण वऱ्हाडवाले आम्हाला तसंच विसरतात.

अकोटचा, राहणं पुण्यात
हे मात्र खरं आहे ताई. माझ्या डोक्यात नागपूरच्या पलीकडचं काही नव्हतं.

मोबाईल दुरुस्ती, मोर्शी
मंडळी, प्लेअरवर या. मामांचं काय झालं?

अमरावतीकर
मामांना काल फोन केला. आधीच विचारायला पाहिजे होतं, तेवढं मान्य. ते म्हणाले, मामीला अन् त्यांना दोघांना सोबत ऐकायचं असतं, आणि उन्हाळ्यात कूलर चालू झाला की फोनचा आवाज खाटेपर्यंत येत नाही. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टच स्क्रीनवर बोट कुठं लागतं ते दिसत नाही. स्पीकरचं बटन चाचपून सापडतं. यातलं काहीच मी धरलं नव्हतं. 'अडाणीपणा' हा शब्द मागे घेतो.

पण त्यांचा स्पीकरही रोज पहिल्या फाइलवर जातो. पहिलं प्रकरण त्यांनी किती वेळा ऐकलं देव जाणे, आणि कुणाला सांगितलं नाही. म्हणून रविवारी माझा जुना फोन नेऊन देतोय. सिम काढलेलं, एकच ॲप ठेवलेलं, स्पीकरला जोडून. जागा फोन लक्षात ठेवेल, आवाज स्पीकर देईल. म्हणजे शेवटी फोनच लागला.

जागलीवाला, दारव्हा
सिम काढलं, एकच काम ठेवलं, मग तो फोन कुठं राहिला भाऊ? तो पुस्तकाचाच डबा झाला. मी पहिल्यापासून तेच म्हणून राहिलो.

अमरावतीकर
बरं. पण तुमचे अडीच हजार लागले, माझे शून्य.

मोबाईल दुरुस्ती, मोर्शी
नेण्याआधी जुना फोन पालथा करून पाहा. मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली समजा, तो मामांच्या उशाशी ठेवू नका. बदलून घ्या, मगच द्या. अन् वायरलेस जोडणी दहा मीटरच्या आत धरा, मध्ये मातीची जाड भिंत असेल तर त्याहून कमी. फोन स्पीकरच्या खोलीतच राहू द्या.

अंगणवाडीताई, सिंदेवाही
अन् भाऊ, मामीला विचारून घ्या तिला कोणतं पुस्तक पाहिजे ते. मामांचंच ऐकून भरू नका.