मुलासाठी फास्टर फेणे: आधी कोणतं पुस्तक?

सातपूरकरीण
मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. मराठी अक्षराला अक्षर जोडत वाचतो. परवा टीव्हीवर फास्टर फेणेचा २०१७ चा सिनेमा पाहिला (अमेय वाघचा), तेव्हापासून ‘याचं पुस्तक आण’ म्हणून मागे लागलाय. एम.जी. रोडवर विचारलं, तर मालिकेत वीसेक पुस्तकं! सुरुवात कुठून करू? आणि एका माणसाने इतकं लिहिलं म्हणजे पाट्या टाकल्या असतील का?

भांडीबाजारचा अण्णा
ताई, पाट्या म्हणालात म्हणून उत्तर द्यायला बसलो. आमचं तांब्यापितळेचं दुकान. हंड्यांच्या उतरंडीमागे बसून मी फेणेचे लेखक भा. रा. भागवत वाचायचो. गिऱ्हाईक आलं की पुस्तक घंगाळात.

फेणे हे त्यांचं नंतरचं काम. जन्म १९१०चा. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढलं, पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहिणाऱ्या. ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला. त्यातल्या एका पुस्तकाचं नाव ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. धूमकेतूला शेंडेनक्षत्र! हा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा. तिचा शब्द अंतराळाच्या गोष्टीवर छापलेला बघून मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात पळालो होतो. असा शब्द निवडणारा माणूस पाट्या टाकत नाही.

बनेश ऊर्फ फास्टर फेणेचंही तेच. साहसं जगभरच्या पोरांसारखी, पण पोरगा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवाला. त्याच्या नादात मी रामकुंडाच्या उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडली. पुढचा अर्धा दात तिथेच राहिला. तरी फेणे जिभेने काढतो तसं ‘ट्टॉक’ उत्तम वाजतं.

वीसच्या वीस सारखी चांगली नाहीत, हेही सांगतो. काहींत योगायोग फार, चोर आपल्याला आधीच कळतो. पण नऊ वर्षांच्या पोराला तोच तर आनंद!

मुलाने पाहिलेल्या ठिकाणावरून पुस्तक निवडा. प्रतापगड पाहिलाय? मग ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’. आणि पहिली दहा पानं तुम्ही वाचून दाखवा. गोष्ट ऐन रंगात आली की कुकर लावायला उठा.

गोदाकाठ
अण्णांना अनुमोदन. फक्त एकदम संच घेऊ नका. आम्ही घेतला, कपाटात शोभतोय. आधी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) चौकशी करा. १८४० सालचं वाचनालय आहे, फेणे नक्की सापडेल.

सातपूरकरीण
अण्णा, कुकरची युक्ती लागू पडली! प्रतापगड आम्ही मागच्या दिवाळीत पाहिला होता, म्हणून तेच आणलं. चौथ्या दिवशी मी परत येईपर्यंत पठ्ठ्या दीड पान पुढे. ‘फुरसुंगी खरी आहे का?’ विचारत होता. नकाशात दाखवली, तर म्हणे आत्ताच जाऊ.

फक्त आज वहीत बाईंचा शेरा आलाय : वर्गात तोंडाने आवाज काढतो.

भांडीबाजारचा अण्णा
खाली सही करा आणि पुढचं पुस्तक आणा.