व्यसनमुक्तीच्या उपचारांत एडीएचडीची तपासणी सक्तीची असावी का?

सुमेधा : व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणाऱ्याला तो काय घेतो, किती घेतो, केव्हापासून घेतो, हे सारे विचारले जाते, मात्र शाळेत असताना तो एका जागी बसत होता का, वह्या-डबे हरवत होता का, याची चौकशी क्वचितच होते. ही एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा असलेल्या विकाराची, लहानपणीची लक्षणे असतात. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, व्यसनी रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना एडीएचडी असल्याचे आढळले. उशिरा मिळणाऱ्या मोठ्या लाभापेक्षा तत्काळ मिळणारे छोटे सुख अशा माणसाला अधिक खेचते आणि तंबाखूची चिमूट किंवा मोबाइलवरचा जुगार तेच तर देतो. म्हणून ही तपासणी सक्तीची करावी, असे माझे ठाम मत आहे.

मिलिंद : सक्तीला माझा विरोध आहे. नुकतीच दारू सोडलेला कोणीही अस्वस्थ, चिडका आणि विसराळू असतो. त्याच दिवसांत प्रश्नावली भरून घेतली, तर कितीतरी जणांवर चुकीचा शिक्का बसेल. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असली पाहिजेत, ही निदानाची अट आहे आणि चाळिशीतल्या माणसाच्या स्मरणावर ती कशी पडताळणार? शिवाय लहानपणीची बेशिस्त व आक्रमक वर्तनसमस्या, घरातले व्यसन, हाताशी असलेली टपरी यांचाही व्यसनात मोठा वाटा असतो, तो या चर्चेत झाकला जातो.

वैदेही : मिलिंदजी, या शिक्क्याच्या भीतीपायीच पालक निदान टाळतात. माझ्या मुलाला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे उत्तेजक औषध सुरू केले, तेव्हा ‘औषधाचीच सवय लागेल’ असे सारे नातेवाईक बजावत होते. प्रत्यक्षात पंधरा अभ्यासांच्या २०१३ मधील विश्लेषणानुसार, बालपणी घेतलेल्या अशा उत्तेजक औषधांमुळे पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचे दिसले नाही.

मिलिंद : त्याच विश्लेषणात तो धोका घटल्याचेही दिसले नाही, हेही नमूद करावे. उपचाराने व्यसन टळेल, अशी हमी पालकांना देता येत नाही.

सुमेधा : हमी मीही देत नाही. सक्ती विचारण्याची असावी, निदान मात्र सावकाश, नशा उतरून काही आठवडे गेल्यावर व्हावे. स्मरणाचा प्रश्न रास्त आहे, परंतु आई किंवा थोरली बहीण बरेच सांगू शकते आणि ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ असे शेरे असलेली प्रगतिपुस्तके अनेक घरांत जपून ठेवलेली असतात. एडीएचडी आणि व्यसन दोन्ही असलेल्यांसाठी, सवय न लावणारे अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचे औषधही आपल्याकडे मिळते.