शब्दचर्चा : ‘पवित्र’ म्हणजे सोवळे का? आणि ‘रेलेव्हंट’ला मराठीत काय म्हणावे?

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मासिकासाठी एका इंग्रजी प्रवचनाचे भाषांतर करते आहे. ख्रिस्ती माणसाने पवित्र राहावे आणि तरीही शेजारीपाजारी त्याला परका समजू नयेत, हे दोन्ही कसे जमवावे, असा विषय आहे. पहिल्याच परिच्छेदात दोन शब्दांवर अडले आहे, म्हणून इथे विचारते.

पहिला शब्द ‘होलीनेस’. आपल्या बायबलात त्याला ‘पवित्रता’ आहे आणि तो बदलायचा माझा विचार नाही. पण हा शब्द ऐकला की मला काय दिसते ते सांगते. माझे लहानपण गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या अलीकडच्या एका वाड्यात गेले. माडीवर एक आजी राहायच्या. दुपारी लाडू द्यायच्या, वेणी घालून द्यायच्या, पण सकाळी सोवळ्यात असल्या की जिन्यावरूनच म्हणायच्या, “लांबून जा गं, शिवू नकोस.” रविवारी आम्ही पवित्र नाम देवालयात जायचो. तिथे वाचन व्हायचे, “तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे.” मला तेव्हा खरोखर वाटायचे की देवही सोवळ्यात आहे आणि त्याला आपण शिवायचे नाही. हा गैरसमज माझ्या मनातून जायला पुष्कळ वर्षे लागली. आमच्या मंडळीतल्या अनेकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही असे मला वाटते.

दुसरा शब्द ‘रेलेव्हंट’. शब्दकोशात सुसंगत, समर्पक, प्रासंगिक असे पर्याय मिळतात. मी “सांस्कृतिकदृष्ट्या प्रासंगिक ख्रिस्ती जीवन” असे लिहून आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे काय करायचं?” आणि तिचे बरोबर आहे. प्रसंगी घडणारे ते प्रासंगिक. प्रासंगिक ख्रिस्ती म्हणजे नाताळपुरता आणि ईस्टरपुरता ख्रिस्ती, असाच अर्थ कुणीही घेईल. मूळ लेखकाला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे.

सुचवाल का?

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून (संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त)

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण ‘पवित्र’बद्दल सांगू शकतो. ‘पू’ म्हणजे स्वच्छ करणे हा धातू आणि ‘इत्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. खणायचे साधन ते खनित्र, वल्हवायचे साधन ते अरित्र, तसे स्वच्छ करायचे साधन ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळतात, त्या गाळणीलाच ‘पवित्र’ म्हटले आहे. नववे मंडल सगळे त्या गाळल्या जाणाऱ्या सोमाचेच आहे. पुढे धर्मकृत्याच्या वेळी बोटात घालतात त्या दर्भाच्या वेढ्यालाही ‘पवित्रक’ म्हणू लागले.

म्हणजे मुळात हा शब्द बाजूला झाकून ठेवलेल्या वस्तूचा नाही. ज्यातून दुसरे काही जाते आणि स्वच्छ होऊन निघते, त्याचा आहे. गाळणीला कुणी ‘मला शिवू नका’ म्हणायला लावले तर तिचा उपयोग काय? सोवळ्याचा अर्थ या शब्दाला नंतर व्यवहारातून चिकटला.

मूळ लेखिका

सर, गाळणीचे हे मला अजिबात माहीत नव्हते. मनापासून आभार.

आता बायबलच्या बाजूने सांगते. हिब्रू शब्द ‘कादोश’. त्याचा अर्थ देवासाठी वेगळे काढलेले. लेवीय पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात याजकांना, म्हणजे पुरोहितांना, सांगितले आहे की पवित्र आणि सामान्य यांत, तसेच शुद्ध आणि अशुद्ध यांत भेद करा. जोड्या दोन आहेत! पवित्रच्या समोर अशुद्ध नाही, ‘सामान्य’ आहे. मराठीत मात्र पवित्रचा विरुद्धार्थी शब्द विचारला की आपण ‘अपवित्र’ म्हणतो आणि मनात ‘विटाळलेले’ धरतो. दोन जोड्यांची एक झाली आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असे मला वाटते.

हाग्गय संदेष्ट्याने याजकांना एक प्रश्न विचारला होता. पवित्र मांस पदरात असलेल्या माणसाचा पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणाले, नाही. प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर ती अशुद्ध होते का? म्हणाले, होते. म्हणजे विटाळ पसरतो, पावित्र्य पसरत नाही, हा जुना हिशेब. आणि मग मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. त्याच्या हाताला विटाळ होत नाही, रोगीच शुद्ध होतो. मला सगळ्या शुभवर्तमानात हा हात सर्वांत जास्त आवडतो.

प्रतिसाद, नगरची, सध्या येरवडा

ताई, ‘सोवळे’ हा शब्द लेखात कुठेही चांगल्या अर्थाने येऊ देऊ नका, एवढीच विनंती. आमच्या पणजोबांना गावात पाणवठ्याला शिवू देत नव्हते. आमच्या घराण्यात ख्रिस्ती होणे म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी जवळ बसवून घेणे होते. त्याच मंडळीत आता आम्ही नवे सोवळे काढले आहे. मी लग्नानंतर एका मंडळीत गेले, तिथे टिकली लावली म्हणून मला प्रभुभोजनाच्या आधी बाजूला घेऊन विचारणा झाली. मी टिकली काढली, पण त्या दिवशी भाकर घशाखाली उतरत नव्हती.

तुम्ही पंचहौदाचे नाव काढलेत म्हणून आठवले. 1890 साली तिथल्या मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून केवढे रण माजले! गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे जाहीर केली, त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुण्यात एका कपाने माणूस बाटत होता. आपल्या मंडळीत तसा कप नसावा.

प्रतिसाद, वडगाव शेरी (पाळक)

बहिणीचे दुःख खरे आहे आणि मंडळीने तिची क्षमा मागायला हवी होती. तरीही दुसरी बाजू मांडतो. सोवळे नको म्हणता म्हणता ‘वेगळे’ हा अर्थच आपण पुसून टाकू नये. कादोशमध्ये वेगळेपण आहेच. आमची जुनी माणसे ‘जगिक’ म्हणायची. जगिक गाणी, जगिक बोलणे. तो शब्द कधीकधी कठोरपणे वापरला गेला, पण त्यामागे एक जाग होती. आज तरुण मंडळींकडे बघतो तर लाच देणे, हुंडा ‘भेट’ म्हणून घेणे, जात बघून सोयरीक करणे, हे सगळे ‘आपल्याकडे असंच चालतं’ या एका वाक्यात बसते. टिकलीवर चौकशी होते आणि हुंड्यावर होत नाही, ही खरी लाज आहे.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौलाने सांगितले आहे, या युगाशी समरूप होऊ नका. ‘समरूप’ हा शब्द फार नेमका आहे. साच्यात ओतल्यासारखे तेच रूप घेणे. रेलेव्हंट व्हायच्या नादात आपण समरूप होतो.

प्रतिसाद, हिंजवडीत नोकरी, राहायला पिंपळे सौदागर

पाळकसाहेब, माझी अडचण शब्दाची नाही, मोदकाची आहे. आमच्या सोसायटीत गणपती बसतो. मी वर्गणी देतो, मांडवाच्या विजेचे काम माझ्याकडे असते, कारण मला ते येते. आरतीला मी मागे उभा राहतो, टाळ हातात घेत नाही. सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही. पण शेजारच्या काकू ताट घेऊन घरी येतात, “आमच्याकडचे मोदक, खास तुझ्यासाठी.” घ्यायचे की नाही? घरात दोन मते आहेत. बाबा घेतात, आत्या बोलत नाही त्या दिवशी.

मूळ लेखिका

दादा, ही अडचण पहिल्या शतकातली आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत हेच चालले होते, आणि आपल्या मराठी बायबलात तिथे शब्दही ‘नैवेद्य’ हाच आहे. पौलाचे उत्तर एका ओळीचे नाही, म्हणूनच मला ते खरे वाटते. तो म्हणतो, मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की दूरही होत नाही. कुणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खा, चौकशी करत बसू नका. पण कुणी मुद्दाम सांगितले की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाला अडखळण होत असेल तर तुझे ज्ञान बाजूला ठेव. म्हणजे बाबाही बरोबर, आणि आत्याच्या मनाचाही विचार करायचा. नाही म्हणायचे झाले तर काकूंना आधीच, सणाच्या गडबडीत नव्हे, घरी बसून प्रेमाने सांगता येते. त्यांच्या हातचे इतर दिवशीचे जेवण मागून खाता येते. मी तसेच करते. दुसऱ्या कुणी वेगळे केले तर त्याला मी कमी पवित्र समजणार नाही.

प्रतिसाद, नगरची, सध्या येरवडा

पाळकसाहेब, हुंड्याचे बोललात, बरे वाटले. ‘समरूप’वरून एक सुचले. त्याच अध्यायात थोडे पुढे आहे, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. त्याला मराठीत काय म्हणतात? समरस होणे. समरूप होऊ नका, समरस व्हा. दोन अक्षरांच्या अंतरावर दोन्ही शब्द आहेत.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी दुसरे काय केले? तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. आमच्या आजीला इंग्रजी चालीची गीते पाठ होती, पण रडू यायचे ते टिळकांच्या पदांनी.

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून

शब्द चांगला आहे, पण जपून. ‘समरसता’ आज महाराष्ट्रात राजकीय शब्दही झाला आहे. वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहील. क्रियापद म्हणून ‘समरस होणे’ वापरा, भाववाचक नाम टाळा.

आणि ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. ‘देवासाठी वेगळे काढलेले’ याला मराठीत घरातला शब्द आहे, ‘वाहिलेले’. फूल देवाला वाहतात. माणसाबद्दल बोलताना आपण म्हणतो, त्याने त्या कामाला स्वतःला वाहून घेतले. त्यात शिवाशिवीचा वासही नाही.

मूळ लेखिका

सर! रात्री हा प्रतिसाद वाचला आणि उठून दिवा लावला. ‘वाहून घेणे’ आणि ‘वाहून जाणे’! प्रवचनात सांगितलेली दोन टोके एकाच धातूत आहेत. इब्री लोकांस पत्रात “वाहवत जाऊ नये” असा इशारा आहेच. तोच पाळकसाहेबांचा ‘समरूप’. आणि गलतीकरांस पत्रात “एकमेकांची ओझी वाहा” आहे, ते आपल्या येरवड्याच्या ताईंचे ‘समरस’. वाहून घेतलेला माणूस ओझी वाहतो आणि वाहवत जात नाही. हे इंग्रजीत म्हणताच आले नसते.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. इंग्लंडात 1883 साली बाप्तिस्मा घेतला, पण तिथे राहूनही शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असे आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट लिहिले. त्या इंग्रजीत वाहून गेल्या नाहीत. आणि वाहून घेतले ते केडगावात, दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी. त्यांनी सोप्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये निघाले. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते, तेव्हा मी नेहमी खिडकीबाहेर बघते.

प्रतिसाद, वडगाव शेरी (पाळक)

हे मी रविवारी सांगणार आहे. एक भर घालतो. महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वराकरता पवित्र’ असे कोरलेले असे. जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात म्हटले आहे की एक दिवस हेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील आणि यरुशलेमेतले प्रत्येक पातेले पवित्र होईल. सामान्य आणि पवित्र यांतली भिंत पडेल, तीही सामान्य गोष्टी वर उचलल्या जाऊन. हिंजवडीच्या भावाने मांडवाची वीज जोडून दिली, त्याच वायरीचा मी विचार करतो आहे.

प्रतिसाद, हिंजवडीत नोकरी

मग ‘रेलेव्हंट’चे काय ठरले?

मूळ लेखिका

तो शब्द काढला. वाक्यच फिरवले: “ज्याने देवाला वाहून घेतले आहे, तो शेजाऱ्यांच्या सुखदुःखात समरस होतो, पण काळाबरोबर वाहवत जात नाही.” आईला वाचून दाखवले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “हे कळलं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “माडीवरच्या आजींना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात पाणी कोण पाजायचं, आठवतं का?” आठवत होते. आईच पाजायची. आजींनी तेव्हा शिवू नको म्हटले नव्हते.

एक शंका राहिली. ‘वाहवत’ लिहू की ‘वहावत’? आमच्याकडे दोन्ही बोलतात. गुरुवारी छापायला द्यायचे आहे.

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून

‘वाहवत’ लिहा. शेजारी ‘वाहून’ आहे, डोळ्याला नाते दिसेल.