काजळी फासली की विनोद होतो काय? (झाडीपट्टीच्या नाटकातलं काळं तोंड)

रंगपेटी
मंडईच्या (पूर्व विदर्भात, आमच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या) एका नाटकाचा तुकडा दोन दिवसांपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. विनोदी नट तोंड काळंकुट्ट करून, ओठ लालभडक रंगवून, झिपऱ्यांचा टोप घालून येतो, ‘हुबाहुबा’ करत उड्या मारतो, अन् मांडव हसतो. कुणीतरी त्याला नावं ठेवली. त्यावर ‘वैनगंगाकाठ’ यांनी पोस्ट टाकली की ब्लॅकफेस (तोंड काळं फासून काळ्या लोकांची नक्कल-टवाळी करणं) हे अमेरिकेचं पाप आहे, आमच्याकडे ना गुलाम होते ना गुलामांची जहाजं, आमच्या नटानं काळं लावलं तर ती निव्वळ रंगभूषा. खाली अंगठ्यांची रांग.

अंगठ्यांचं काही नाही. ‘निव्वळ रंगभूषा’ हे खटकलं, कारण रंगभूषा म्हणून तो प्रकार नापास आहे.

काळा रंग उजेड गिळतो. प्रेक्षकाला चेहरा दिसतो तो उजेड-सावलीमुळे. गालाचं हाड चमकतं, नाकाच्या बगलेला सावली पडते, कपाळावरची आठी कळते. काळं फासलं की हे सगळं सपाट. दहाव्या ओळीपासून मागे नटाचं तोंड म्हणजे तव्याचं बूड. उरतात डोळे अन् दात. मग नट बिचारा काय करणार? बुबुळं गरगर फिरवणार, जबडा फाडणार, माकडउड्या मारणार. म्हणजे लेखकानं एक ओळ लिहायच्या आत पात्र बावळट ठरलेलं असतं, रंगानंच ठरवलेलं.

अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेलवाल्यांना, म्हणजे तोंड काळं करून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गाण्या-नाचाच्या मंडळ्यांना, हे चांगलं ठाऊक होतं. बाटलीचं बूच कोळसा होईस्तोवर जाळायचं, बारीक कुटायचं, पाण्यात कालवून लेप लावायचा. तोंडाभोवती रुंद पट्टी मोकळी सोडायची नाहीतर लाल-पांढरी रंगवायची, म्हणजे गॅसबत्तीतही शेवटच्या बाकावरून ओठ दिसतात. थॉमस राइस या गोऱ्या नटानं १८३० च्या सुमारास ‘जिम क्रो’ नावाचं काळं सोंग नाचवलं, १८४३ ला न्यूयॉर्कात मिन्स्ट्रेलांची पहिली अख्खी मंडळी उभी राहिली, आणि पुढं काळ्या लोकांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यांना नाव पडलं तेही जिम क्रोचंच. आपल्या तुकड्यातल्या नटाचे ओठही तसेच रंगवलेले आहेत. ते दंडारीतून आले की खडीगमतीतून, आमच्या कोणत्या लोकनाट्यातून, तेवढं वैनगंगाकाठांनी सांगावं.

वैनगंगाकाठ
झालं! वडशाच्या नाटकावर बोलाचं अन् न्यूयॉर्कले जाऊन याचं.

भाऊ, जग अमेरिकेपुरतं नाही. कथकलीत ‘करि’ नावाचा काळा वेष हाय. शिकारी, वनवासी, राक्षसीन यायच्यासाठी. त्याले कोनी ब्लॅकफेस म्हनत नाही. इरानात नवरोजच्या वेळी हाजी फिरूज तोंड काळं करून, लाल कपडे घालून डफ वाजवत फिरते. अन् घाना घ्या. तिथल्या कॉन्सर्ट पार्टीतले नट सोता काळे, तरी वरून आनखी काळा लेप लावत अन् तोंडाभवती पांढरं. पाहनारेही काळेच. पोट धरून हासत. मंग अपमान कोनाचा झाला?

रंगात काही नसते. पाहनाऱ्याच्या मनात असते. मांडवात बसलेल्या धानवाल्याले जिम क्रो कोन हे माहीतच नाही, तं तो त्याच्यावर हासन कसा? अन् आपला विठोबा काय गोरा हाय?

मोहफूल
धानवाल्याला जिम क्रो माहीत नसेल. माडिया आदिवासी माहीत आहे ना?

तुकडा पुन्हा पाहा. हातात धनुष्य, कमरेला पानं, डोक्यात पिसं. वडसा ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे त्यात आफ्रिका नाही, माडियांचं भामरागड आहे. तिथं कुणी पानं गुंडाळून फिरत नाही आणि ‘हुबाहुबा’ माडियातही नाही, गोंडीतही नाही. विठोबाचं म्हणाल तर त्याच्यापुढे लोक हात जोडतात. या पात्राला दुसऱ्याच मिनिटाला पाटील लाथ मारतो. दोघांचा रंग एकच ना?

पडद्यामागचा
मूळ मुद्द्यावर दोघंही भांडा, पण रंगपेटीदादा, काळा रंग उजेड गिळतो हे अर्धंच खरं. हॅलोजन होते तेव्हा उजेड पिवळसर असायचा. काळ्यात थोडा तांबूसपणा यायचा, चेहरा जरा तरी वाचायचा. आता कंपन्यांनी स्वस्तातले एलईडी ‘पार’ (रंगमंचाचे डबादिवे) आणले. थंड पांढरा उजेड अन् वरून निळा. त्यात काळं तोंड शिळ्या वांग्यासारखं दिसते. समोरून दोन उबदार पांढरे, पंचेचाळीस अंशात, डोक्याच्या वरून, अन् मागून एक, एवढी साधी मांडणी कुणी करत नाही. सगळे पार एकाच बांबूवर टांगायचे अन् रंग बदलत बसायचं.

दुसरी गोष्ट. ती काजळी नव्हतीच. कपाळावरची चमक पाहा. काजळी मॅट दिसते. ते बूटपॉलिश होतं.

रंगपेटी
बूटपॉलिश असेल तर नटाची चूक कमी अन् कंपनीची जास्त. पॉलिशमध्ये मेण, रंग अन् टर्पेंटाइन किंवा नाफ्थ्यासारखं द्रावक असते. मांडवातल्या गरमीत घाम सुटला की ते भुवईवरून डोळ्यात उतरते, डोळे झोंबतात, कातडी लाल होते. मग मध्यंतरात कुणी रॉकेलनं पुसते, म्हणजे भाजलेल्यावर तिखट.

काजळी घरी धरता येते. तेलाच्या दिव्यावर पितळी ताट पालथं धरा, बुडाला जमते. अर्धा चमचा काजळी, चमचाभर खोबरेल, हरभऱ्याएवढं मेण, गरम करून घोटा. आधी कोऱ्या कातडीवर खोबरेलाचा हात फिरवा, मगच हे.

पडद्यामागचा
अन् त्यावर पावडर मारू नका. टाल्कम मारलं की राखाडी होते, नट चुलीतून काढल्यासारखा. हेअर डायचंही सांगा की. ‘घामानं उतरत नाही’ म्हणून काही जण तोच फासतात.

रंगपेटी
डाय तर पॉलिशपेक्षा वाईट. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनानं ज्याला ॲलर्जी उठते त्याचं तोंड दुसऱ्या दिवशी सुजून घागर होते, पापण्या उघडत नाहीत. एकदा उठलं की पुढच्या वेळी आणखी जोरात उठते. मिशी काढण्यापुरताही तो कातडीला नको.

लुगडंनऊवारी
उतरवायचं कसं तेही लिहा. सगळे पोट्टे आधी पाण्यानं घासतात.

रंगपेटी
ताई बरोबर. तेलातलं काळं पाण्यानं पसरते अन् छिद्रात बसते. आधी कोरड्या तोंडावर खोबरेल, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं कपाळाकडून हनुवटीकडे पुसा. पुन्हा तेल, पुन्हा पुसा. मग बेसन, पाणी सगळ्यात शेवटी. पाण्यातला लेप असेल तर मात्र सरळ साबण.

वैनगंगाकाठ
वा! म्हंजे ब्लॅकफेस वाईट, अन् कसं लावाचं ते हे सांगतेत, मापासकट.

रंगपेटी
यमाला लागते, राक्षसाला लागते. वस्तू वाईट नाही.

आता तुमच्या यादीचं. ‘गुलाम नव्हते, जहाजं नव्हती’ हे खोडून काढा आधी. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, समुद्र ओलांडून दख्खनेत आला अन् निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याचे सिद्दी काय नागपूरहून गेले? इराणातही पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. गुलामी बंद करायचा कायदा तिथं १९२९ ला झाला. तुमचा हाजी फिरूज गाण्यात समोरच्याला ‘मालक’ म्हणूनच हाक मारतो. कुणी म्हणतात ती नवरोजच्या आगीची काजळी, कुणी म्हणतात घरगड्याचं सोंग. वाद तिथलेच लोक घालतात, अमेरिकेनं सांगितलं म्हणून नाही.

नेदरलँड्समध्ये हेच झालं. झ्वार्ते पीट म्हणजे तिथल्या सणातला सिंटरक्लासचा (सांताक्लॉजसारख्या संताचा) काळ्या तोंडाचा नोकर. त्याला काळं का, तर म्हणे तो धुराड्यातून उतरतो. मग कपडे कोरे करकरीत कसे? धुराड्यानं केस कुरळे होतात काय, ओठ जाड अन् लाल होतात काय? शेवटी तिथं गालावर काजळीचे चार फराटे ओढलेला पीट आला. धुराडं खरं असेल तर एवढंच काळं लागते.

घानाचं मान्य. घानाच्या मांडवात तो अपमान नव्हता, लिहून घ्या. पण तुमचा नट घानाचा नाही अन् हसणारे माडिया नाहीत. अमेरिकेतही बर्ट विल्यम्स हा विनोदी नट सोता काळा होता, तरी गोऱ्या प्रेक्षकांसमोर उभं राहायला त्याला वरून जळलं बूच लावावं लागे. त्याच्या खऱ्या काळ्या चेहऱ्यानं त्यांचं भागत नव्हतं.

वैनगंगाकाठ
‘लिहून घ्या’ म्हने. उपकार झाले मास्तर.

तुमची तक्रार शहरी चष्म्यातून हाय. झाडीपट्टीचं नाटक इथल्याच लोकायच्या पैशावर चालते. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात मंडप, पेटी, तबला, ऑक्टोपॅड, नट, नटी, गाड्या, सगळ्यायचं पोट त्यावर. तिकीट काढनारा हासाले येते. तुम्ही हे नको ते नको म्हनान, तं उद्या बोबडा नको, दारुड्या नको, बाईचं सोंग नको. झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना २०२३ ला पद्मश्री भेटली तवा कोनी विचारलं नाही कोन्या सोंगाले काय रंग लावला!

मोहफूल
पद्मश्रीचं नाव पुढं करून त्यामागे लपू नका. खुणे गडचिरोलीचेच, त्यांचा मान आम्हालाही आहे. प्रश्न या तुकड्याचा आहे.

आणि पोटाचं म्हणाल तर तिकीट आम्हीही काढतो. मंडईत, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), कुरखेड्यापासून धानोऱ्यापर्यंत मांडवात आदिवासी बसलेले असतात. त्यांच्या शेजारचा पोट्टा हसत हसत वळून त्यांच्याच तोंडाकडे पाहतो, त्याचं तिकीट वेगळं असते काय?

लुगडंनऊवारी
सगळे काळ्याचंच घेऊन बसले. नटीले पांढरं फासतात त्याचं काय?

हिरोइनीच्या तोंडाले तिच्या रंगापेक्षा दोन-तीन नंबर गोरा पॅनकेक (मेकअपचा लेप), मान सोडून. हात कोपरापासून सावळे, तोंड पिठाच्या गिरणीतलं. गरीब, सोशिक, लग्नाची, सगळ्या भूमिका गोऱ्या. मोलकरीन अन् कजाग सासू तेवढी सावळी. गोरं करनारी ती मलम १९७५ ला आली अन् २०२० ला तिनं नावातला गोरेपना काढला. आमच्या रंगपेटीतून कधी निघनार? काळं फासनं वाईट अन् गोरं फासनं नियम, असं कसं गा?

पडद्यामागचा
ताईंचा मुद्दा उजेडातही बसतो. त्या पांढऱ्या पॅनकेकवर एलईडी पडला की नाकच दिसत नाही. दोन्हीकडं चेहरा मरतो.

रंगपेटी
ताई, हे आधी लिहायला पाहिजे होतं, चुकलं.

वैनगंगाकाठ
मंग सांगा ना रंगभूषावाले. लाकूडतोड्या, गुराखी, ऊन खाल्लेला शेतकरी दाखवाचा तं काय करावं? नट बँकेत नोकरी करते, गोरापान हाय. तसाच उभा करावं?

रंगपेटी
हा प्रश्न कामाचा विचारला.

काळा रंग लावूच नका. उन्हानं रापलेल्या कातडीत तांबडं असते, नुसत्या काळ्यानं ती मेलेली दिसते. गेरू तीन भाग, काजळी एक भाग, चिमूटभर पिवडी (पिवळी माती), खोबरेलात घोटून. पूर्ण तोंडाला एकसारखं नाही. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू इथं जास्त. दुपट्टा किंवा मुंडासं बसते तिथं कपाळावर दोन बोटं उजळ पट्टी सोडा. बंडीच्या गळ्याखालीही उजळ. हाताला बाहीपर्यंत. गालाच्या हाडावर थोडा पिवळा हात मारला की आठीसुद्धा तिसाव्या ओळीत दिसते. नटाला मग डोळे फिरवावे लागत नाहीत, बोलला तरी पुरे. ओठांना हात लावायचा नाही.

मोहफूल
गेरूनं रंगवलेला माडिया चालेल, असं समजायचं का?

रंगपेटी
लाकूडतोड्याचं लिहिलं, माडियाचं नाही.

मोहफूल
नाटकात दोन्ही एकच असतात, तुम्हाला माहीत आहे. गोरापान बँकवाला गेरू लावून आमचा माणूस होतो, अन् आमच्या पोराला कंपनीत काम मागितलं तर पडदा ओढायला ठेवतात. तीनास एक असो की एकास एक, पात्र लाथ खातच राहते. मिश्रण सुधारलं म्हणून संहिता सुधरत नाही.

पडद्यामागचा
संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाच्या सेन्सॉरकडे) जाते, पण मंडळ वाचते ते शब्द. ‘जंगली माणूस प्रवेश करतो’ एवढंच लिहिलेलं असते. तोंडाला काय लावायचं अन् कुठं लाथ मारायची हे तालमीत ठरते.

वैनगंगाकाठ
पान्यात पाहून बोलतो, पानं अन् पिसं नको होती. धनुष्यही नको. एवढं सोडतो. पन नट वाईट मानसाचा नव्हता अन् मांडवही नाही. ब्लॅकफेस हा शब्द अजूनही इथं बसत नाही, तो आनू नका.

मोहफूल
शब्द तुम्ही ठेवा. आमच्याकडं त्याला ‘तोंड काळं करणे’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते घरी विचारा.

वैनगंगाकाठ
आता मराठी शिकवता काय!

बांधीवरचा
मोठ्यांच्या भांडणात पडत नाही. रविवारी गावात प्रयोग आहे, ते अर्धा चमचा-चमचाभरवालं माप कुठल्या प्रतिसादात होतं?

रंगपेटी
वर, पॉलिशच्या खाली. पात्र कोणतं?

बांधीवरचा
यम.

रंगपेटी
मग चालते. दोन तोंडांचं बनवा, मध्यंतरानंतर पुन्हा लावावं लागते. कान अन् मान विसरू नका. सगळे तिथंच फसतात, पुढून यम दिसते अन् वळला की तलाठी.