मदत हवी आहे: वाळवंटी मोहिमेच्या पटखेळात रसदीचा नियम कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर मी आणि माझा मावसभाऊ मिळून दोघांनी खेळायचा एक युद्धखेळ तयार करतोय. विषय दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेची मोहीम, ब्रिटिश विरुद्ध जर्मन-इटालियन, एप्रिल 1941 ते ऑक्टोबर 1942. पट षटकोनी घरांचा, एका घराला 20 किलोमीटर. लिबियातलं एल अघेला ते इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया म्हणजे 50 घरांची लांबच लांब पट्टी. एक पाळी एक महिन्याची, एकूण 19 पाळ्या. सोंगट्यांचं बळ, चाली, लढाईचा तक्ता हे सगळं जमलंय. गाडं रुतलंय ते रसदीपाशी.

आधी सोपा नियम ठेवला होता: सोंगटीपासून आपल्या तळापर्यंत शत्रूने न अडवलेली वाट असली की रसद मिळाली, वाट कितीही लांब असो. मग जर्मन खेळाडू एकदा सुटला की सुटलाच, पाचव्या-सहाव्या पाळीत अलेक्झांड्रियात! म्हणून तळापासून 25 घरांची मर्यादा घातली. आता दोघंही इजिप्तच्या सीमेवरच्या सोल्लूमच्या आसपास समोरासमोर ठाण मांडून बसतात आणि शेवटपर्यंत हलत नाहीत.

प्रत्यक्षात काय झालं? एप्रिल 1941 मध्ये जर्मन सेनापती रोमेल एल अघेलाहून थेट इजिप्तच्या सीमेवर आला. नोव्हेंबरात ब्रिटिशांनी ‘क्रुसेडर’ मोहीम काढली आणि जानेवारीत तो पुन्हा एल अघेलात. 21 जानेवारी 1942 ला तो उलटून चालून आला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोब्रुकच्या पश्चिमेला गझालापर्यंत पोचला. 21 जूनला लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं, 1 जुलैला लढाई अलेक्झांड्रियाच्या अलीकडे अल अलामेनला. जिंकणारा तळापासून लांब जाऊन दमतो, हरणारा तळाशी येऊन सावरतो. या मोहिमेचा जीवच हा झोका आहे. तो खेळात उतरला नाही तर नकाशा कितीही अचूक काढून काय उपयोग?

दुसरी अडचण तोब्रुकची. जर्मन खेळाडू एक इटालियन सोंगटी वेढ्याला ठेवतो आणि पुढे निघून जातो. आतली ऑस्ट्रेलियन डिव्हिजन नुसती बसून राहते. इतिहासात या वेढ्याने रोमेलला एप्रिलपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत अडकवून ठेवलं होतं.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद 1

अंतराला मर्यादा घालू नका, किंमत लावा. रसद म्हणजे सोंगटीपासून तळापर्यंतची रेघ नव्हे, ती ट्रकने वाहून आणायची वस्तू आहे. ट्रक जितका लांब जाणार तितकं इंधन तो स्वतःच पिणार.

जर्मन बाजूला ट्रकच्या 6 सोंगट्या द्या. आघाडी त्यांच्या तळापासून, म्हणजे लिबियातल्या बेनगाझी बंदरापासून, 10 घरांच्या आत असेल तर एका ट्रकमागे रसदीचा एक साठा पोचतो. 20 घरांपर्यंत एका साठ्याला दोन ट्रक, 30 पर्यंत तीन, त्यापुढे सहाही लागतात. म्हणजे तळाजवळ महिन्याला 6 साठे, तोब्रुकपाशी 3 आणि अल अलामेनला फक्त 1. प्रत्येक हल्ल्याला एक साठा खर्च करायला लावा, बचाव फुकट ठेवा. झोका आपोआप येईल.

ब्रिटिशांना हाच नियम लावा, पण अंतर अलेक्झांड्रियापासून न मोजता रेल्वेच्या टोकापासून मोजा. इजिप्तमधल्या मेर्सा मात्रूहपासून पश्चिमेला वाढवत नेलेला हा रेल्वेमार्ग 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत तोब्रुकजवळ बेलहमेदला पोचला होता. हे टोक पाळीगणिक थोडं थोडं पुढे सरकू द्या.

प्रतिसाद 2

वरच्या नियमाने तोब्रुकही बरंचसं सुटेल. किनाऱ्याचा रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे शहर शत्रूकडे असेतो जर्मन ट्रकांना वळसा घ्यावा लागतो. त्यासाठी 2 घरं जास्त धरा. इटालियनांना वेढ्याबाहेरून वळणरस्ता बांधावा लागला होता. तो बांधायला दोन पाळ्या घ्या, मग ही वाढ काढून टाका. बंदर हाती आलं की तिथे दर पाळीला एक साठा थेट उतरू द्या, त्याला ट्रक नको. मग तोब्रुक घेण्यासाठी जर्मन खेळाडू स्वतःच धडपडेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! काल रात्री हे नियम लावून दोन डाव खेळलो. दोन्ही वेळा जर्मन सोल्लूमला येऊन दमले. पहिल्या डावात आठव्या पाळीला, म्हणजे बरोबर नोव्हेंबर 1941 ला, माझ्या ब्रिटिश फौजेने त्यांना मागे रेटलं. वर्षभरात पहिल्यांदाच पट जिवंत वाटला.

आता एकच प्रश्न उरलाय आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेली 3 री भारतीय मोटर ब्रिगेड. घोडदळाच्या तीन रेजिमेंट, ट्रकवर स्वार, रणगाडा एकही नाही. एप्रिल 1941 मध्ये लिबियातल्या मेखिलीला वेढली गेली, तरी शरण येण्याच्या मागण्या तिने धुडकावल्या आणि शेवटी काही जण वेढा फोडून निसटले. पुढे 27 मे 1942 ला लिबियातल्याच बीर हकीमच्या आग्नेयेला इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे तिच्यावरून गेले. मी तिला चाल 8 आणि बळ 1 दिलंय, पण तेवढ्याने ती नुसती पळणारी सोंगटी होते. बळ न वाढवता तिची चिकाटी दिसेल असा काही नियम सुचतोय का कुणाला?