'कार्ड नंतर टाकू' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे

मामा_परभणीकर
भाच्याचा डिप्लोमा झाला, इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागला. ताईने त्याच्या कॉम्प्युटरसाठी ४५ हजार काढून ठेवलेत. फुल एचडी मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस घरात आहेत, म्हणजे सगळे पैसे कॉम्प्युटरच्या डब्यातच घालायचे.

दुकानदार आणि भाच्याचे दोन मित्र एकच सांगतात: रायझन ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यातल्याच ग्राफिक्सवर सध्या भागवा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू. माझा याला साफ विरोध. 'नंतर' हा शब्द आमच्या घराला चांगला माहीत आहे. १९९८ साली वडील म्हणाले होते, गिलावा नंतर करू. मागच्या भिंतीच्या विटा अजून दिसतात.

शिवाय ५६००जी मध्ये एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. जी-वाला पीसीआयई ३ वरच थांबतो (कार्ड ज्या जोडणीवर बसतं ती), साधा ४ पर्यंत जातो. म्हणजे ज्या दिवशी कार्ड बसवाल त्या दिवसापासून आतल्या ग्राफिक्सला मोजलेले पैसे झोपा काढणार, आणि प्रोसेसरही उणाच पदरात पडणार.

माझी यादी: आय-थ्री १२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर-४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, सेकंडहँड आरएक्स ६६०० कार्ड (८ जीबी). कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उरलेल्यात. गेम खेळायच्या मशीनमध्ये सगळ्यांत मोठा घास कार्डाचाच हवा. पटत नसेल त्यांनी बोला.

हॉस्टेलचा_राजा
मामा, मी तोच 'नंतर'वाला, आणि माझं कार्ड आलं. २०२२ मध्ये ५६००जी घेतला. दीड वर्ष व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह सेटिंग खाली ओढून खेळलो, मग इंटर्नशिपच्या पैशांतून कार्ड. कॅशचा फरक आकड्यांत असेल, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मला तरी दिसला नाही.

तुमच्या यादीत खरा धोका त्या 'एफ'मध्ये आहे. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. सेकंडहँड कार्डाने मान टाकली की स्क्रीन काळी. दोष कार्डात की बोर्डात हे बघायलासुद्धा कुणाचं तरी दुसरं कार्ड मागून आणावं लागतं. सबमिशनच्या आदल्या रात्री हे होऊ द्या, मग भाचा मामाचं नाव कसं काढतो ते ऐका.

५६००जी घेणाऱ्यांना मात्र एक सांगतो: रॅम ८-८ च्या दोनच घ्या. १६ ची एकच स्टिक लावली तर बँडविड्थ (डेटा ये-जा करायचा वेग) निम्मी, आणि हे ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. दुकानदार "पुढे वाढवता येईल" म्हणून एकच स्टिक गळ्यात मारतात. निम्मे लोक इथेच ५६००जी ला नावं ठेवायला लागतात.

मामा_परभणीकर
काळ्या स्क्रीनचं मान्य. पण त्यावर उपाय सोपा आहे, एफ नसलेला १२१०० घ्यायचा. थोडे पैसे जास्त, निदान डेस्कटॉप तरी दिसेल. त्यासाठी ५६००जी कशाला? तुमच्या त्या दीड वर्षात सायबरपंकसारखा जड गेम उघडून बघितला होता का?

हॉस्टेलचा_राजा
उघडला होता. बंदही लगेच केला.

जुनं_ते_सोनं
४५ हजार कशाला घालवता? मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचे ब्रँडेड डबे मिळतात. त्यात आरटीएक्स ३०५० कार्डाचा ६ जीबीवाला लो-प्रोफाइल (कमी उंचीचा) प्रकार बसवा. तो ७० वॅटचा आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही. झालं काम, पैसे उरले.

हॉस्टेलचा_राजा
आठवी पिढी *असेल* तर झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि सहाव्या-सातव्या पिढीचे डबे ढिगाने बाहेर आले. ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, म्हणजे ते नसलेल्या डब्यावर आडमार्गाने ११ चढवलं तरी गेम दारातच अडवतो. त्यातून त्या लहान डब्यांचा एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा. उद्या गेला तर बाजारातला साधा बसत नाही.

आणि "आय-सेव्हन गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, १५ हजार" अशी पाटी दिसली तर पाय लावून पळा. आय-सेव्हन तिसऱ्या पिढीचा असतो आणि कार्ड जीटी ७३०. नुसते ४ जीबी म्हणजे चार पोती कोंडा.

सोल्डरिंग_गन
मामांचा पहिला मेसेज पुन्हा वाचा. "एसएमपीएस उरलेल्यात." वीस वर्षं रिपेअरिंग करतोय, माझं अर्धं दुकान या एका शब्दावर चाललंय.

कॅबिनेटसोबत येतो त्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. हातात घेतला की काडेपेटीसारखा हलका. आरएक्स ६६०० कमाल १३२ वॅट, १२१०० जोर लावतो तेव्हा ८९, बाकी सगळं धरून पावणेतीनशेच्या आत. आकडा छोटा आहे, चांगला ४५० चा सहज पुरतो. पण खोट्या ४५० ला तेवढंही झेपत नाही, आणि जाताना तो एकटा जात नाही. बोर्डाला घेऊन जातो, कधी कार्डालाही.

८० प्लसच्या स्टिकरवर जाऊ नका. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो. शॉर्ट झालं, व्होल्टेज चढलं तर आत काय वाचेल, त्याचा त्या स्टिकरशी संबंध नाही. नावाजलेली कंपनी, पाच वर्षांची वॉरंटी, पक्कं जीएसटी बिल. ५६००जी की १२१००, ते तुम्ही खुशाल भांडत बसा.

यूपीएसचंही राहिलंच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. स्वस्तातले बॅटरीवर गेले की लाईनसारखी गुळगुळीत साईन वेव्ह देत नाहीत, आणि ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज नीट ओढायचं सर्किट असलेला) एसएमपीएस त्यावर कधीकधी लाईट जाताक्षणी बंद पडतो. ज्यासाठी यूपीएस घेतला तेच होत नाही. घेण्याआधी मशीन जोडून, गेम चालू ठेवून, प्लग काढून बघा.

मामा_परभणीकर
दादा, टोपी काढली. एसएमपीएस यादीत पहिल्या नंबरवर. मग १ टीबी एसएसडीचं स्वप्न गेलं.

हिशेबी_काकू
तुम्ही सगळे डब्याच्या आत काय घालायचं त्यावर भांडताय. तो मुलगा खेळतो काय, हे कुणी विचारलं का? आणि डबा ठेवणार कुठे? हॉस्टेलमध्ये खाट, कपाट आणि टेबलाचा एक कोपरा मिळतो.

एक हिशेब माझाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव वर गेले. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला, झळ आपल्याला. तेव्हा सेकंडहँड काही घ्यायचंच असेल तर रॅम घ्या. रॅम क्वचित बिघडते. पंखेवालं कार्ड घासलं जातं, त्यातही क्रिप्टो नाणी काढायच्या मायनिंगमध्ये राबलेलं. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ ला थांबलं तेव्हाची कार्डं अजून हातोहात फिरताहेत. घ्याच, पण समोर बसून अर्धा तास लोडवर चालवून, मूळ बिल हातात घेऊन.

मामा_परभणीकर
काकू, आत्ता फोन केला. फोनवर बीजीएमआय खेळतो, मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळायचाय. सायबरपंक म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. वर विचारतो, "मामा, जीटीए सिक्स आला तर चालेल ना?"

हॉस्टेलचा_राजा
😂 व्हॅलोरंट! मामा, ५६००जी.

मामा_परभणीकर
हसा. व्हॅलोरंटपुरता ५६००जी पुरेल हे लिहून देतो. पण एकोणीस वर्षांचं पोर तीन वर्षं एकच गेम खेळेल यावर माझा विश्वास नाही, आणि तिसऱ्या वर्षी कार्डाचे पैसे मागायला ते ताईकडे जाणार नाही, माझ्याकडे येणार. यादी तीच राहील, एफ काढून. सेकंडहँड कार्ड मनासारखं मिळालं नाही तर तेवढे पैसे बाजूला ठेवतो. त्याला 'नंतर' म्हणू नका, प्लीज.

सोल्डरिंगदादा, हॉस्टेल जुनं आहे. भाचा म्हणतो, तिथे मित्राच्या लॅपटॉपच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा काही संबंध?

सोल्डरिंग_गन
आहे. प्लगला अर्थिंग नसेल. पीसीचा पत्र्याचा डबा तर जास्तच चावेल. वायरमनला मीटर घेऊन खोलीत न्या, स्वतः खुपसू नका. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंग करून घेईपर्यंत मशीन परभणीतच ठेवा.