‘न्यू बर्थ’ म्हणजे पुनर्जन्म का?

आमच्या वाचनकट्ट्यासाठी इंग्रजी कवी शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेचा (‘ओड टू द वेस्ट विंड’, 1819) अनुवाद करते आहे. शेवटाजवळ अडकले. तिथे कवी वाऱ्याला विनवतो, की माझे मेलेले विचार वाळक्या पानांसारखे विश्वभर उधळून दे, म्हणजे ‘न्यू बर्थ’ ‘क्विकन’ होईल. मी ‘पुनर्जन्म’ लिहिले. कट्ट्यावर सगळ्यांना आवडले, पण मला ते रात्रंदिवस टोचते आहे. ‘क्विकन’ला ‘वेग दे’ केले, तेही पटत नाही. दुसरे काय सुचते?

प्रतिसाद

टोचते ते योग्यच आहे. आपल्या पुनर्जन्मात आत्मा तोच राहतो, देह बदलतो, मागचे कर्म पुढे येते. शेलीला 1811 साली ऑक्सफर्डमधून काढले ते निरीश्वरवादावरच्या पत्रकावरून. पण त्याचे मत बाजूला ठेवले तरी कवितेतली पाने पाहा. ती परत झाडावर जात नाहीत. ती कुजतात, माती होतात आणि त्या मातीतून दुसरेच काही उगवते. मरणारा एक, जन्मणारा दुसरा. या प्रतिमेतली क्रांती मला इथेच दिसते: आपण स्वतः परत येणार नाही हे माहीत असून खत व्हायला तयार होणे. ‘पुनर्जन्म’ म्हटले की हा त्यागच पुसला जातो.

‘क्विक’चा जुना अर्थ ‘जिवंत’. पोटातल्या बाळाची पहिली हालचाल आईला जाणवते, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद आहे. वेगाचा इथे संबंध नाही. लावलेले रोप चार दिवस मान टाकते आणि मग एका सकाळी ताठ दिसते, तेव्हा आपण म्हणतो ‘रोपाने जीव धरला’. माझे मत ‘जीव धरणे’ला.

प्रतिसाद

‘जीव धरणे’ फार सुंदर! मला ऋतूबद्दल बोलायचे आहे. ‘ऑटम’ला शरद म्हणायची सवय आपण सोडायला हवी. शरद म्हणजे कोजागिरीचे चांदणे, निवळलेले पाणी, डोलणारी भाते. त्यात मरण कुठे आहे? आपली पानगळ शिशिरातली, आणि तिच्या पाठोपाठ पालवी. फाल्गुनात कोशिंबाला लाल पालवी फुटते तेव्हा शेजारच्या झाडाची पाने अजून गळत असतात. मृत्यू आणि जन्म आपल्याकडे एकाच अंगणात उभे.

शेलीच्या कवितेत मध्ये अख्खा हिवाळा आहे. पहिल्याच कडव्यात वारा पंख फुटलेल्या बिया अंधाऱ्या, गार बिछान्यावर नेऊन टाकतो. थडग्यातल्या प्रेतांसारख्या त्या पडून राहतात, वसंताने तुतारी फुंकेपर्यंत. हे वाट पाहणे अनुवादात हरवता कामा नये, कारण त्या सालचे राजकारण त्यातच आहे. 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर, संसदेत प्रतिनिधित्व मागायला जमलेल्या हजारो निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातले गेले. शेली तेव्हा इटलीत होता. जूनमध्येच रोममध्ये त्याचा लहानगा मुलगा विल्यम वारला होता. त्यानंतर फ्लॉरेन्सजवळ, आर्नो नदीकाठच्या रानात ही कविता सुचली. अशा माणसाने ‘वसंत आलाच’ म्हटले असते तर खोटे वाटले असते. तो विचारतो, हिवाळा आला आहे तर वसंत फार लांब असेल का? प्रश्नचिन्ह कृपा करून काढू नका.

आपल्या मातीतला हिवाळा शोधायचाच तर तो उन्हाळ्यात सापडेल. करपलेल्या माळावर गवताचे बी मृगाची वाट बघत पडलेले असते. पण अनुवादात इटलीच ठेवावी.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘शरद’ काढला, ‘पानगळ’ घातली.

तुतारीचा उल्लेख वाचला आणि केशवसुत आठवले. शेलीलाही शेवटी वाऱ्याने आपल्या ओठांतून भविष्यवाणीची तुतारी फुंकायला हवी आहे. केशवसुतांची ‘तुतारी’ 1893ची. मी याला उसनवारी म्हणत नाही, पण ‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’ ही ओळ आता वेगळीच दिसते. शेलीत दोन्ही आहे! पुरलेले बी पहिल्या कडव्यात, आणि शेवटी न विझलेल्या चुलीतली राख नि ठिणग्या, त्याच्या शब्दांसाठी. फरक एवढाच, की केशवसुत जुने नष्ट करायला सांगतात, तर शेली स्वतःचेच विचार मेलेले म्हणून पुढे करतो.

सध्याचा खर्डा असा:

*मेले विचार माझे उधळ दिगंतरी,*
*वाळकी पाने जशी, की काही नवे*
*जन्मा येऊन जीव धरील भुईवरी.*

आता एकच शब्द उरला. पानांच्या रंगांत पिवळा, काळा, फिकट यांच्यापुढे ‘हेक्टिक’ लाल आहे. आज हेक्टिक म्हणजे धावपळीचा, पण तेव्हा तो क्षयाच्या तापाचा शब्द होता: गालावर चढणारी ती लाली. आणि लगेच पुढे ही पाने म्हणजे रोगाने ग्रासलेले जनसमुदाय होतात, म्हणून आजार सोडून चालणार नाही. ‘ज्वरलाल’ करून पाहिले, कृत्रिम वाटते. घरात क्षयाचा रोगी पाहिलेल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या लालीला काही शब्द होता का?